चौदा नंबरचा दगड

चिठ्ठी उलगडली आणि माझ्या तोंडून शिवी निघाली. समोर कुंभोजे गुरुजी होते म्हणून अर्धीच निघाली, उरलेली मी गिळली.

“किती?” वहीतून मान वर न काढता गुरुजींनी विचारलं.

“चौदा.”

मागं उभे असलेले सगळे फिदीफिदी हसले. गुरुजींनी हसू दाबलं आणि माझ्या नावापुढं चौदाचा आकडा मांडला.

पाणथळ्याच्या तलावावर आमच्या चार गावांची गळलीग चालायची. महिन्यातला एक रविवार, सकाळी सात ते दहा. एक माणूस, एक काठी, एक गळ. मासा जमवायला अर्धा किलो शेंगपेंड पाण्यात टाकायची, त्यावर चिमूटभरही नाही. बसायची जागा चिठ्ठीनं ठरायची. लागलेला मासा मच्छरदाणीच्या पिशवीत, पिशवी पाण्यात, दहा वाजता कांद्याच्या तराजूवर वजन. मग सगळा माल यजमान गावाच्या रश्श्यात. ज्याला काहीच लागलं नाही त्याच्या नावापुढं गुरुजी भोपळा काढत. नुसता गोल नव्हे, देठासकट. चित्रकलेचा तासही तेच घेत.

माझे अकरा सामन्यांत अकरा भोपळे झाले होते. गुरुजींच्या वहीत माझ्या नावापुढं वेलच चढला होता म्हणा ना. एकदा खेकडा लागला होता, पण समितीनं ठरवलं की ज्याला पाय आहेत तो मासा नव्हे. एकदा चप्पल लागली. तिला पाय नव्हते, पण तीही धरली नाही.

आणि आज चौदा नंबर. चौदा नंबर म्हणजे धुणंघाटाचा सपाट दगड. बारा महिने तिथं बायकांची आदळआपट. लोक म्हणायचे, तिथं मासा येतो तो फक्त अंगाला साबण लावायला.

“केरबा, तुझी पेंड मला दे,” तुका इंगवले म्हणाला. “फेसात कशाला कालवतोस? त्यापरीस मी तुझ्या नावानं एखादा मासा धरीन, श्राद्धाला धरत्यात तसा.”

हा तुका खडकेवाडीचा. तालुक्याला कोर्टाच्या फाटकाशी त्याची पानपट्टी होती. आरोपी, साक्षीदार, वकील, सगळे त्याचंच पान खाऊन आत जायचे, म्हणून लोक त्याला वकील म्हणायचे. चेष्टेनं म्हणायचे, पण त्यानं ते मनावर घेतलं होतं. लीगमध्ये तोच पहिला होता आणि आज त्याला तेरा नंबर आला होता. म्हणजे तीन तास माझ्या शेजारी.

“तुझं तू बघ, वकील,” मी म्हणालो. पण आवाजात दम नव्हता. त्याला कारण होतं.

त्याच सकाळी घरी चुलीपुढं चहा पिताना सगुणा म्हणाली होती, “आज कितवा?”

“बारावा.”

“आज बी भोपळाच का?”

“न्हाई. आज कायतरी लागणार.”

“आन न्हाई लागलं तर? तर काठी चुलीत घालीन. बोला.”

ती काठी मी स्वतः निवडलेली. आंबा घाटातल्या जंगलातून कळकाचा बांबू आणून दोन महिने धुरावर शेकलेला, तेल पाजून पाजून मधासारखा रंग आलेला. पोस्टमनच्या नोकरीत आठवडाभर लोकांची बोलणी पिशवीत घालून दारोदार वाटायची. रविवारी ती काठी हातात घेतली की कुणाचं काही पोचवायचं नसायचं. तेवढं एक सुख होतं मला.

“घाल,” मी म्हणालो.

“जोतिबाची आण?”

“आण!” जीभ म्हणून गेली. जिभेला हाड नसतं हे खरं, पण त्या क्षणी मला अक्कलही नव्हती.

तर एक मासा हवा होता. पहिला नंबर नको, बक्षिसाचा हंडा नको, नाव नको. बोटाएवढी मासोळी लागली तरी काठी वाचणार होती. आणि मी बसलो होतो कुठं, तर साबणाच्या कारखान्यात.

सातला गुरुजींनी शिट्टी फुंकली. मार्गशीर्षातलं धुकं पाण्यावर नुसतं अंग टाकून पडलं होतं. मी पेंड टाकली, गळाला गांडूळ लावलं, तंगूस फेकला. बाटलीच्या बुचाचा तरंग पाण्यावर उभा राहिला आणि उभाच राहिला. पाऊण तासात शेजारच्या वकिलानं तीन चिलापी ओढल्या. दर माशाला तो माझ्याकडं वळून म्हणे, “तारीख पे तारीख, केरबा, तारीख पे तारीख.”

तेवढ्यात पायऱ्यांवर जोडव्यांचा आवाज झाला. वळून बघतो तर डोक्यावर भांड्यांची उतरंड घेऊन सगुणा. परात, पातेली, कढई, डाव, उलथनं, म्हणाल तर लग्नाचा रुखवत.

सामन्याच्या रविवारी बायका घाटावर येत नसत, बोअरवर जात. तसं ठरलेलंच होतं.

“अगं, इथं कशाला? बोअरवर जा की!” मी दबक्या आवाजात ओरडलो.

“बोअरला पाणी न्हाई.”

“काल तर हुतं!”

“काल हुतं.”

तिनं पदर खोचला, माझ्यापासून दोन हातांवर बसली, परात पालथी घातली आणि उलथन्यानं तिच्यावर असा घाव घातला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

ठण! ठण! ठणाठण!

“सगुणा!”

“घासतेय.”

“ही घासायची रीत?”

“करपलंय.”

वकील पोट धरून हसत होता. “वैनी, जरा हळू! न्हाईतर मासं पोलीस ठाण्यात जातील.”

सगुणानं त्याच्याकडं बघितलंही नाही. कढई पाण्यात आपटली, पातेल्यावर पातेलं वाजवलं, आणि वर ओवी धरली. जात्यावर धरतात तशी लांब, ताणून:

*जावा गं पल्याड, आज नगं माज्या दारी,*
*काठावर बसलाय, माज्या कपाळीचा शिकारी.*

ती मलाच टोमणा मारतेय असं मला वाटलं. काठापासून काठापर्यंत बसलेल्या चौदा माणसांनाही तसंच वाटलं. चुलीत काठी घालायची म्हणून बाईनं कंबर कसली होती, आणि उघड उघड माझा बारावा भोपळा पिकवायला ती घाटावर येऊन बसली होती. माझ्या डोळ्यांपुढं काठी जळायला लागली. मी दातओठ खाऊन बुचाकडं बघत होतो.

आणि बूच नव्हतं.

पहिल्यांदा वाटलं, डोळ्यांत पाणी आलं म्हणून दिसत नाही. मग काठी वाकली. मी ओढली. पाण्यातून तळहाताएवढी चिलापी उसळून माझ्या मांडीवर आली.

“लागला!” मी ओरडलो. असा ओरडलो की गुरुजी शिट्टी घेऊन पळत आले, कुणी बुडालं की काय म्हणून.

सगुणाचा हात उलथन्यासकट वरच थांबला. तिनं माशाकडं बघितलं. तिचं तोंड पांढरं पडलं. मग ती उठली आणि कढई, परात, डाव, मिळेल ते मिळेल त्यावर दुप्पट जोरानं आपटायला लागली.

जितकी ती बडवी तितके मासे येत. खोटं सांगत नाही. घाटाखालचं पाणी उकळतं आधण असल्यासारखं बुडबुडायला लागलं. गळ पडायचा अवकाश, बूच खाली. दुसरा, तिसरा. एक तर आधीच्याला ढकलून गळाला लागला. पाचवा ओढताना मला हसू यायला लागलं, सहाव्याला मी मोठमोठ्यानं हसत होतो आणि माझ्या मागं माझी बायको रडत रडत भांडी बडवत होती. ती रागानं रडतेय असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला गंमतच वाटली. म्हटलं, बडव, अजून बडव.

सातवा मात्र सोपा नव्हता. काठीचं पार धनुष्य झालं. मी दगडावर आडवा झालो, पुन्हा उठलो, आणि ओढून काढली ती दीड किलोची, काळसर, रुंद तोंडाची, जुनी जाणती चिलापी. तिच्या तोंडाला रक्त लागलं होतं. ती पिशवीत टाकली तसं सगुणानं उलथनं खाली ठेवलं आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

दहाची शिट्टी झाली. वकिलाची पिशवी भरली पावणेचार किलो. माझी त्याहून जड पिशवी तराजूला लावायची तेवढ्यात त्यानं हात वर केला.

“हरकत!”

“कसली हरकत?” गुरुजी म्हणाले.

“गुरुजी, अर्धा किलो पेंडीचा नियम. ह्याच्या बायकोनं रात्रीच्या जेवणाची खरकटी भांडी पाण्यात बुडवली. भात, भाकरी, कालवण, सगळं आत. मी डोळ्यानं बघितलंय. ही चाऱ्याची चोरी हाय.”

सगळे गोळा झाले. गुरुजींनी चष्मा पुसला, परातीत बोट फिरवलं, पातेलं हुंगलं, कढई उन्हात धरली. त्या कढईत त्यांचं तोंड दिसत होतं.

“केरबाच्या मंडळी,” ते जरा गोंधळून म्हणाले, “ही भांडी घासलेली आहेत. घरीच घासून, पुसून आणलेली. यांत शीतसुद्धा नव्हतं.”

“मग घासलेली भांडी घासायला आली व्हय?” वकील म्हणाला.

सगुणानं मान वर केली. पदरानं नाक पुसलं.

“हाकलायला आले हुते,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“माशांना. ह्यांना चौदा नंबर आला असं शेजारच्या पोरीनं सांगितलं, तशी भांडी उचलली आन पळाले. म्हटलं, दणका केला की पळून जातील पल्याड.” तिचा आवाज चिरकला. “पर पंधरा वरसं त्यांना ह्याच आवाजाला घास मिळतोय. सकाळी भांडी वाजली की मी आले, आन मी आले की भात. आज मी हाकलतेय का बोलवतेय, ते त्यांना कसं कळावं? जेवढं हाकललं तेवढी आली.”

मग वकिलाच्या डोळ्यांत तेज आलं. त्यानं पानाची पिंक बाजूला टाकली. कोर्टात हीच पोज असणार.

“ऐका, गुरुजी! म्हंजे हे मासं पाळीव झालं. पाळीव जनावर मारलं तर शिकार हुईत न्हाई. उद्या मी गोठ्यातली म्हस मारीन आन म्हणीन, गवा मारला. चालंल?”

“तळ्यातला मासा पाळीव कसा?” आमच्या गावचे दोघंतिघं एकदम ओरडले. “दाखला हाय का? पट्टा बांधलाय का गळ्यात?”

“मग वैनीला वळखून दाखवू दे!” वकील म्हणाला. “पाळीव असतील तर वळखंल. वळखलं तर बाद, न्हाई वळखलं तर मी हरकत मागं घेतो.”

गुरुजींना हे पटलं. ते सगुणापुढं बसले. “हे बघा ताई. हे मासे तळ्याचे म्हणालात तर केरबाचं वजन होईल, हंडा तुमच्या घरी येईल आणि मासे रश्श्यात जातील. तुमचे म्हणालात तर केरबाला भोपळा, आणि मासे तुमचे तुम्ही घेऊन जा. तुमच्या शब्दावर आहे सगळं.”

मी तिच्याकडं बघून डोळे मिचकावले, मान हलवली, ओठांनी म्हटलं, तळ्याचे, तळ्याचे म्हण. एका शब्दानं तिला माझी काठी जाळता येत होती आणि मासेही वाचवता येत होते. बायकोच्या हातात एवढं राज्य देव एकाच दिवशी देत नाही.

तिनं माझ्याकडं बघितलं.

“ह्यांनाच इचारा,” ती म्हणाली. “पंधरा वरसं एका घरात ऱ्हात्यात. बायकोचं काय हाय आन काय न्हाई, ते ह्यांना ठावं असंल.”

चौदा जणांच्या माना माझ्याकडं वळल्या. तालुक्यातल्या कुणाच्या पोराचं लग्न ठरलं, कुणाच्या म्हातारीची मनीऑर्डर चुकली, कोण कुणाला प्रेमानं लिहितं आणि कोण नुसतं लिहायचं म्हणून, सगळं मला ठावं. आणि माझ्या घरातून रोज सकाळी मूठभर भात कुठं जातो ते मला ठावं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. घरी आलं की मी जेवत होतो आणि झोपत होतो.

मी पिशवी उचलली आणि तिच्यापुढं पाण्यात धरली.

“नावं हायत का त्यांना?” मी विचारलं.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“असतील तर सांग.”

“सगळ्यांम्होरं?”

“सांग, सांग,” वकील म्हणाला. “कोर्टाला बी नाव लागतंच.”

तिनं पिशवीत हात घातला. एकानंही शेपूट झाडलं नाही. शपथेवर सांगतो, मांजरीच्या पिलांसारखे ते तिच्या बोटांत आले.

“हे थोरलं भावजी,” ती हळू म्हणाली. “कल्ल्यावर डाग हाय बघा. आधी खात्यात, मग चव न्हाई म्हणत्यात. ह्या वन्सं. शेपूट कुरतडलंय, तरी मुरडायचं सोडत न्हाईत. ही त्यांची दोन पोरं, कायम भांडत असत्यात. ही धाकटी जाऊ. माज्याकडं बघून न बघितल्यागत करती.”

लोक हसायला लागले. माझा थोरला भाऊ त्या गर्दीतच उभा होता. तोही हसला, मग आपल्यालाच म्हणतायत हे लक्षात येऊन गप्प झाला.

“आन हा?” मी एका बारक्या, चपट्या माशावर बोट ठेवलं.

ती लाजली. “हा पोस्टमन.”

“का?”

“सगळ्यांच्या मागनं येतो. खातो, आन काय न बोलता जातो.”

आता तर गुरुजीसुद्धा हसले. मीच तेवढा हसलो नाही. मी शेवटच्या, दीड किलोच्या, रुंद तोंडाच्या चिलापीकडं बघत होतो. तिच्या वरच्या ओठाला माझ्या गळानं चीर पाडली होती.

“ही?”

“ह्या सासूबाई.”

आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

“नवी नवरी हुते तवापासनं हायत,” सगुणा म्हणाली. “मंजी, ही न्हवं, पयली दुसरी हुती. घरात सासूबाईंना उलटून बोलायची टाप न्हवती. मग हितं यायची, भात टाकायची आन सगळं ऐकवायची. त्या आ वासून ऐकायच्या. घरातल्या गेल्या तवा…” ती थांबली. “तवा हितल्यांनाच येऊन सांगितलं. दुसरं कोण हुतं सांगायला?”

त्या दिवशी, आई गेली त्या दिवशी, मी काय करत होतो ते मला आठवलं. मी टपाल वाटत होतो.

“केरबा,” गुरुजी म्हणाले, “बोल. तळ्याचे की तिचे?”

“तिचे,” मी म्हणालो. “बाराव्या भोपळ्याला देठ जरा मोठा काढा, गुरुजी.”

पिशवी मी उलटी केली. सहा जण सुर्रकन गेले. सातवी जरा रेंगाळली, पाण्यात तिरकी झाली, मग तळाच्या काळोखात उतरली. वकिलानं हंडा नेला. जाताना तो सगुणापाशी थांबला आणि म्हणाला, “वैनी, केस जिंकलो, पर मजा आली न्हाई.” मग दोन कलकत्ता पानं तिच्या परातीत ठेवून गेला.

काठी मी स्वतःच तोडली. गुडघ्यावर तीन तुकडे. सगुणा म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, मी रागात बोलले.” मी म्हणालो, “जोतिबाची आण हाय.” तेल पाजलेला बांबू असा काय पेटला! त्यावर तापलेल्या पाण्यानं मी आंघोळ केली. एवढं कडक पाणी मला जन्मात मिळालं नव्हतं. नागडा बसून दोन वेळा रडलो, ते वाफेनं झाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा भांडी घेऊन निघाली, तसा मी तिच्या डोक्यावरची परात काढून माझ्या काखेत मारली. “तुम्ही कुठं?” ती म्हणाली. “घाटावर,” मी म्हणालो. रस्त्यात लोक बघत होते. पोस्टमन परात घेऊन चाललाय म्हणजे नक्की तार आली असणार.

तिनं परात वाजवली. भात टाकला. पाणी हललं नाही. भात तरंगला, मग बुडाला.

तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. सगुणा काही बोलत नसे, नुसती भांडी घासून घरी येई. त्या आवाजावरचा माशांचा विश्वास उडाला होता. मी रोज गेलो. टपालाला उशीर झाला, साहेबांनी मेमो दिला, तो मीच माझ्या हातानं मला पोचवला. घाटावर बसून करायचं काय, म्हणून आम्ही बोलायला लागलो. पहिल्यांदा माशांबद्दल. मग आईबद्दल. मग आमच्याबद्दल. पंधरा वर्षांचं तुंबलेलं टपाल, एक एक करून फोडायचं म्हणजे वेळ लागतोच.

बाराव्या दिवशी मी परात वाजवत होतो. तिनं माझं मनगट धरलं.

“थांबा.”

खालून काहीतरी काळसर वर येत होतं. हळू, थांबत थांबत, पायऱ्या चढणाऱ्या म्हातारीसारखं. पाण्याच्या कातडीशी येऊन थांबलं. वरच्या ओठाला चीर होती, आता बुजत आलेली.

सगुणानं श्वास सोडला. मग तिनं माझ्या पाठीत कोपर मारलं.

“बघत काय बसलाय? पाया पडा.”

माशाला पाय कुठले? मी वाकलो, पाण्याला हात लावला, तो कपाळाला लावला. मग तळहातावर भाताचा घास घेऊन पाण्याखाली धरला. ती जवळ आली नाही. तोंड उघडत, मिटत माझ्याकडं बघत राहिली.

“आई,” मी पुटपुटलो, “खा की गं. चुकलं माझं.”

“जरा मोठ्यानं बोला,” सगुणा म्हणाली. “त्यांना कमी ऐकू येतं.”